गावकुसाबाहेरचा धूर : विद्युत मोटारीचा खरा हिशेब

अलीकडे रस्त्यावर हिरव्या क्रमांकपाटीच्या मोटारी नजरेस पडू लागल्या आहेत. केंद्र शासनाने २०१८ साली विद्युत वाहनांसाठी ही पाटी ठरवून दिली. खासगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. रंग पाहताच मनात आपोआप निष्कर्ष उमटतो, की या गाडीपासून पर्यावरणाला अपाय नाही. आमच्या विद्यालयातील वादविवाद स्पर्धेत यंदा हाच विषय ठेवला होता. बाजूने बोलणाऱ्या मुलांनी ‘धूर नाही, म्हणजे प्रदूषण नाही’ असे ठासून सांगितले. विरुद्ध बोलणाऱ्यांनी ‘वीज कोळशाची, म्हणजे सारी फसवणूक’ असा निकाल देऊन टाकला. परीक्षकांनी गुण दिले, बक्षिसे वाटली गेली; प्रश्न मात्र होता तेथेच राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो जरा सविस्तर मांडावा, असे आम्ही योजले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला एक खोड असते. एखाद्या गोष्टीचा खर्च शून्य आहे असे कोणी म्हणाले, की तो खर्च कोणाच्या खाती पडला हे तो शोधू लागतो. आपल्या जुन्या गावगाड्याचेच पाहा. गावातील वाडे आणि ओटे सारवलेले, स्वच्छ असत. मेलेले जनावर ओढून नेणारी, गावची घाण उपसणारी माणसे गावकुसाबाहेर राहत आणि त्या घाणीचा वास त्यांच्या वस्तीला येई. पुढे त्याच वासावरून त्यांनाच अस्वच्छ ठरवले गेले. घाण गावातून गेली होती, पृथ्वीवरून गेली नव्हती. वाहनाच्या धुराकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो. मोटारीलाही गावकूस असते. त्याच्या आत मालक, प्रवासी, शोरूम आणि जाहिरात; बाहेर तेलविहीर, खाण, राखेचे तळे आणि भंगारवाडा. हिशेब मांडायचा तर दोन्हीकडचा मांडावा लागतो, आणि पेट्रोलच्या गाडीचाही तितक्याच काटेकोरपणे मांडावा लागतो.

विद्युत मोटार ही कालपरवाची वस्तू नव्हे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातील पहिली मोटार विजेवर चालणारी होती. कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने एप्रिल १८९९ मध्ये ती पॅरिसजवळ चालवली. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेच्या होत्या, बाकीच्या वाफेच्या आणि पेट्रोलच्या. १९०१ मध्ये टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि तेल स्वस्त झाले. १९०८ पासून फोर्डची ‘मॉडेल टी’ मध्यम उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात आली. १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आला आणि दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्टही सरले. विजेची मोटार मागे पडली ती या कारणांनी. धूर किती आणि तो कोणाच्या छातीत जातो, हा प्रश्न त्या निवडीत कोठेही नव्हता.

आता पेट्रोलची वही उघडू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलो वजनाच्या इंधनातून एवढा वायू कसा, असे मुले हमखास विचारतात. जळताना हवेतील ऑक्सिजन त्यात मिसळतो, हे त्याचे उत्तर. परंतु पंपावर पोहोचण्यापूर्वी हे तेल जमिनीतून उपसलेले असते, जहाजातून आणलेले असते, शुद्धीकरण कारखान्यात तापवलेले असते. त्यापायी सुमारे एक पंचमांश भर पडते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार धरली, तर ही सारी बेरीज किलोमीटरमागे सुमारे १८५ ग्रॅम होते.

हे झाले कार्बनचे. बाकीच्या नोंदी ग्रॅममध्ये मोजता येत नाहीत. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो, त्यामुळे तेलविहिरीचा चिखल आपल्याला सहसा दिसत नाही. नायजेरियातील नायजर नदीच्या मुखप्रदेशात १९५६ साली ओलोइबिरी येथे तेल सापडले. तेथील ओगोनी लोकांच्या शेतांत आणि खाड्यांत पुढे कित्येक दशके तेल झिरपत राहिले. त्याविरुद्ध लोकांना संघटित करणारे लेखक केन सारो-विवा यांना त्यांच्या आठ सहकाऱ्यांसह १० नोव्हेंबर १९९५ रोजी तेथील लष्करी राजवटीने फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये या भागाची पाहणी प्रसिद्ध केली. एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरींत बेंझिन हे कर्कजनक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. प्रदेश पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील, असा अंदाज त्या पाहणीत आहे. फार दूर जायला नको. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथे २७ मे २०२० रोजी वायूची विहीर फुटली, ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बिलातील मासे, पाखरे आणि त्यांच्यावर पोट असलेली कुटुंबे यांच्या नुकसानीची नोंद कोणत्या पेट्रोलपंपाच्या पावतीवर असते?

शिशाची कथा येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे ती पुन्हा आपल्या विषयात येणार आहे. इंजिन खडखडू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याने शोधली. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील अशा एका कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागला आणि त्यांपैकी पाच जण दगावले. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक आरोग्याच्या जाणकार डॉक्टरांनी उघड विरोध केला. तरीही ते पेट्रोल जगभर विकले गेले. भारतात २००० साली ते थांबले, आणि जगातील शेवटचा देश असलेल्या अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षे रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे जात राहिले, त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होत राहिला. अपाय ज्ञात होता. तो कोणाच्याही ताळेबंदात लिहिला जात नव्हता, एवढेच. पेट्रोलच्या गाडीला ‘नेहमीची’ आणि विजेच्या गाडीला ‘संशयास्पद’ मानणाऱ्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये.

विजेच्या मोटारीचा हिशेब मुलांनी पाटीवर मांडून पाहावा, इतका तो सरळ आहे. मध्यम आकाराच्या मोटारीला, चार्जिंगमधील गळती धरून, किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट वीज लागते. वीजकेंद्रापासून घरापर्यंतच्या तारांत आणि रोहित्रांत सुमारे सहावा हिस्सा वाया जातो. म्हणजे केंद्रातून ०.१८ युनिट निघायला हवी. भारतातील एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला की किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम येतात. पेट्रोलचे १८५ होते. फरक ५५ ग्रॅमचा.

परंतु ही मोटार रस्त्यावर येते तीच डोक्यावर कर्ज घेऊन. चाळीस युनिट साठवणारी बॅटरी बनवताना ढोबळमानाने तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. किलोमीटरला ५५ ग्रॅम वाचवत हे कर्ज फेडायचे, तर सुमारे ५५ हजार किलोमीटर चालावे लागते. दिवसभर धावणारी टॅक्सी हे अंतर वर्ष-सव्वा वर्षात कापील. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी घरची मोटार पाच वर्षे कर्जातच राहील. आणि लग्नसराईत व सणासुदीला बाहेर निघणारी, एरवी आच्छादन पांघरून उभी असणारी दुसरी-तिसरी गाडी असेल, तर ते कर्ज फिटण्यापूर्वीच तिची बॅटरी म्हातारी होईल. दीड लाख किलोमीटर चालल्यावर पेट्रोलच्या गाडीच्या नावावर सुमारे २८ टन आणि विजेच्या गाडीच्या नावावर सुमारे साडेबावीस टन येतात. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१ मध्ये असाच जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब केला. तिच्या मते भारतात विद्युत मोटारीचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरते. युरोपात हाच फरक ६६ ते ६९ टक्के आहे. मोटार तीच, बॅटरीही जवळपास तीच. अंतर पडते ते विजेच्या मुळाशी काय जळते यामुळे.

आपल्या राज्यात त्या मुळाशी बव्हंशी कोळसा आहे, आणि कोळसा म्हटले की चंद्रपूर.

चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. त्याला पाणी मिळते इरई धरणाचे, आणि धरणाच्या पलीकडच्या काठाला ताडोब्याचे जंगल लागते. सभोवती दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घूस, बल्लारपूर, माजरी अशा खाणींची रांग आहे. उघड्या खाणीत कोळशाच्या वरची माती आधी काढून टाकावी लागते. त्या मातीच्या टेकड्या आता या सपाट प्रदेशात नैसर्गिक डोंगरासारख्या दिसतात आणि त्यांच्यावर काटेरी झुडपे वाढली आहेत. दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या वस्तीत वाघ-बिबट शिरतात, ही बातमी तिकडे नवी राहिलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा त्या यादीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता.

येथून निघालेली वीज कोठे जाते, हे नकाशावर पाहण्यासारखे आहे. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टाकण्यात आली. वऱ्हाड आणि मराठवाड्यातील शेतांवरून ती मुंबईच्या दिशेने जाते. कोळशाची राख मात्र त्या तारेतून जात नाही. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. आमच्या गणितातील चाळीस युनिटांची बॅटरी केवळ कोळशाच्या विजेवर एकदा पूर्ण भरायची, तर सुमारे तीस किलो कोळसा जळतो आणि दहा किलोंहून अधिक राख मागे उरते. मोटार उभी असते मुंबईच्या वाहनतळावर. राख साचते विदर्भातल्या तळ्यात. ते तळे किती भक्कम असते, हे जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ दिसले. कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा चिखल शेतांत व नाल्यांत पसरला. आमच्या वसतिगृहात या पट्ट्यातून आलेली मुले आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी करडी भुकटी त्यांना पुस्तकात वाचावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग कोळसा नको, पाण्याची वीज घ्या, सूर्याची घ्या. घ्यावीच. पण येथेही इतिहास सावध करतो. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली, विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. शहराला लागणाऱ्या विजेसाठी टाटा कंपनीने सह्याद्रीत धरणे बांधली. मुळशीच्या धरणात सुमारे पन्नास मावळी गावांची भातखाचरे जाणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह झाला. शेवटी धरण झाले आणि मावळे उठले. त्या विजेला ना धूर होता ना राख. सौर उद्यानांसाठी आज ‘पडीक’ म्हणून जी जमीन घेतली जाते, ती बहुधा कोणाच्या तरी शेळ्यामेंढ्यांच्या चराईची असते. सूर्याची वीज कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी चांगली आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ‘स्वच्छ’ हे विशेषण लावले की जमिनीचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

आता बॅटरीच्या आत डोकावू, आणि त्यासाठी आफ्रिकेतील काँगोच्या इतिहासात जाऊ. १८८५ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने तो सारा मुलूख स्वतःच्या खासगी मालकीचा करून घेतला. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. आधी सायकली आणि पाठोपाठ मोटारी आल्या आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावाने ठरलेले रबर आणून दिले नाही, तर बायकांना ओलीस धरायचे, गोळ्या घालायच्या, गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून हात तोडून आणायचे, असा तेथील कारभार होता. हे जगापुढे मांडणाऱ्यांत एक जहाज कंपनीतील कारकून होता, एडमंड मोरेल. अँटवर्पच्या बंदरात त्याने हिशेबाच्या वह्या पाहिल्या. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी भरलेली येत. परत जाताना त्यांत प्रामुख्याने बंदुका आणि दारूगोळा जाई. विक्रीचा माल जवळपास नसे. माल घेऊन त्याची किंमत दिली जात नसेल, तर तो माल सक्तीने काढून घेतला जात असला पाहिजे, हे मोरेलने काँगोला न जाता, केवळ वहीवरून ओळखले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा हा माणूस आहे. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाचा प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल आला आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगोवरची खासगी मालकी सोडावी लागली.

त्याच काँगोच्या दक्षिणेकडील कोल्वेझीच्या परिसरातून आज जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट निघते. अधिक अंतर देणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत ते लागते. त्यातील बराचसा भाग मोठ्या यांत्रिक खाणींचा असला, तरी काही हिस्सा हाताने बिळे खोदणारे लोक काढतात. दक्षिण काँगोतील खाणींवर सुमारे ४० हजार मुले काम करतात, असा अंदाज युनिसेफने २०१४ मध्ये दिला होता. टायर आणि बॅटरी, या मोटारीच्या दोन्ही टोकांना एकच देश जुंपला गेला आहे. येथे न्यायाने आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. कोबाल्टची ही मागणी मोटारीने सुरू केली नाही. आपल्या खिशातील मोबाईलने ती केली. आणि पेट्रोल-डिझेलमधील गंधक काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांतही कोबाल्ट वापरतात, त्यामुळे पेट्रोलवाल्याचे हात या बाबतीत कोरे नाहीत. शिवाय लोह आणि फॉस्फेट यांवर आधारलेल्या बॅटरीत कोबाल्टही नसते आणि निकेलही नसते. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक विद्युत मोटारींत अशीच बॅटरी आहे. गाडी घेताना रंगाबरोबर हेही विचारता येते.

लिथियम आणि निकेल यांविषयी थोडक्यात सांगतो. चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात आटवतात आणि लिथियम काढतात. जेथे पाऊस जवळपास पडत नाही तेथील पाणी असे उडून जाते. निकेल आज निम्म्याहून अधिक इंडोनेशियातून येते. तेथील भट्ट्यांसाठी कोळशाची स्वतंत्र वीजकेंद्रे उभारली गेली आहेत, आणि मोरोवाली येथील एका भट्टीतील स्फोटात डिसेंबर २०२३ मध्ये वीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचा ५९ लाख टनांचा अनुमानित साठा असल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘पांढरे सोने’ असे मथळे दिले. त्या डोंगरउतारावरच्या गावांचे काय होणार, हा मजकूर फार थोड्यांनी छापला.

बॅटरी संपल्यावर ती कोठे जाते? मोटारीतील लिथियमच्या बॅटऱ्यांसाठी कारखाने निघू लागले आहेत आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आम्हाला अधिक काळजी वाटते ती ई-रिक्षाची. कित्येक ई-रिक्षा शिसे व आम्ल असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांवर चालतात. एका रिक्षात अशा चार-पाच जड बॅटऱ्या असतात आणि वर्ष-दीड वर्षात त्या बदलाव्या लागतात. जुन्या बॅटरीला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून ती फेकली जात नाही. वस्तीतल्या मागच्या अंगणात, उघड्या भट्टीवर ती फोडून वितळवली जाते. आम्ल गटारात, धूर घरात आणि शिशाची भुकटी अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातावर. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक पातळीवर शिसे आहे. त्यांपैकी २७ कोटींहून अधिक भारतातील आहेत, आणि बॅटऱ्यांचे असे वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. २००० साली पेट्रोलमधून बाहेर काढलेले शिसे हिरव्या वाहनाच्या नावाने मागल्या दाराने परत येत आहे. भंगार वेचणे, फोडणे, वितळवणे ही कामे आपल्या देशात कोणत्या वस्त्यांच्या वाट्याला येतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वीज आणि खाण ही दोन टोके एका माणसाच्या टेबलावर एकत्र आली होती, असा प्रसंग आपल्या इतिहासात आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याकडे कामगारांबरोबर विजेचा विषय होता आणि खाणींचाही. स्वस्त आणि मुबलक वीज असल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योग वाढल्याखेरीज दारिद्र्याच्या चक्रातून लोक सुटणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले ते याच धोरणातून. विजेला नावे ठेवणारे ते नव्हते. परंतु डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला : खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर, आणि ती रक्कम कामगारांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यांसाठी. युद्धाच्या निकडीपायी १९४३ मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणीत कामाची परवानगी द्यावी लागली होती. त्यावर विधिमंडळात टीका झाली, तेव्हा समान कामाला समान वेतन हे तत्त्व येथे पाळले जात असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली. त्या वटहुकुमातील उपकर आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वीज हवी, पण खाणीतल्या माणसाचा खर्च कोळशाच्या किमतीतच लिहिला जावा, हा त्याचा अर्थ.

तेव्हापासूनची वाटचाल फारशी समाधानकारक नाही. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि या पैशाची वाट राज्यांच्या महसूलभरपाईकडे वळली. २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आहे. त्याचा निधी खाणबाधित गावांवरच खर्च व्हावा असा कायद्याचा हेतू आहे. तो कोठे खर्च होतो, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार आपल्या मुलांना वेळीच शिकवला पाहिजे.

आमचे मत विचाराल, तर विद्युत मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा बरी आहे. आज थोडी बरी आहे. कोळसा जसा मागे पडेल तशी अधिक बरी होईल, आणि पेट्रोलच्या गाडीला अशी सुधारणा शक्य नाही. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला आणि फुटपाथवर झोपणाऱ्या कुटुंबाला तिचा लाभ आजच मिळतो. परंतु मोटारीची तुलना मोटारीशीच करत बसणे हाही गावकुसाच्या आतला विचार आहे. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबांकडे कोणतीच मोटार नाही. ती एसटीने जातात. एसटीची बस लिटरला सुमारे साडेचार किलोमीटर धावते. तीत चाळीस माणसे बसली, तर तेल उपसण्यापासूनचा सारा खर्च धरून माणशी किलोमीटरला सुमारे १८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. हिरव्या पाटीच्या मोटारीतून एकट्याने जाणाऱ्याच्या नावावर १३० ग्रॅम पडतात, दोघे असतील तर प्रत्येकी ६५. म्हणजे भरलेली, खडखडणारी, डिझेलची लालपरी त्या झुळझुळीत मोटारीपेक्षा कितीतरी हिरवी आहे. तिला मात्र हिरवी पाटी नाही.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. आमच्या ढोबळ गणितानुसार आजच्या कोळशाच्या विजेवर शिवाईचा कार्बनमधील फायदा नगण्यच आहे. डेपोच्या छतावर सौर पट्ट्या बसल्या आणि दुपारच्या उन्हात बस भरून निघाली, तर हा हिशेब पार बदलतो. मोटारींना मिळणाऱ्या सवलतींतला काही वाटा या छतांकडे वळावा, अशी मागणी करायला हरकत नाही.

पुढील सत्रात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही एक उपक्रम करून घेणार आहोत. विद्यालयाचे आणि वसतिगृहाचे वर्षभराचे वीजदेयक घ्यायचे, धान्य आणणाऱ्या गाडीचे डिझेल घ्यायचे आणि वर दिलेल्या आकड्यांनी गुणून एक वही तयार करायची. वहीला चार रकाने असतील : किती वापरले, कोठून आले, धूर आणि राख कोठे गेली, तेथे कोण राहते. पहिले तीन रकाने वर्गात बसून भरता येतील. चौथ्यासाठी चंद्रपूर आणि कोराडीकडून आलेल्या मुलांना घरी पत्रे लिहावी लागतील.